लादीन

मे महिन्यात, संध्याकाळी साडेसातला,
माझगावच्या आमच्या गल्लीतल्या क्रुसाला
ताजा चुना, झेंडूच्या माळा.
बेस्टमधला जोकीम खांबावरून वायर ओढून द्यायचा
आणि सतरंजीवर गुडघे टेकता टेकता
बायका एकमेकींना सांगायच्या,
आज मिस्किटांकडची लादीन.

मी सात वर्षांची, मराठी शाळेत.
मला वाटायचं, हे क्रियापद आहे.
मी लादीन, तू लादशील, ती लादेल.
प्रथमपुरुष, एकवचन, भविष्यकाळ.
काय लादणार, कुणाच्या पाठीवर,
ते बाईंनी अजून शिकवलं नव्हतं.

कायतानमामा पुढे उभा राहायचा.
गोदीतला हमाल. मानेला कायमचा बाक,
शर्ट नेहमी उजव्या खांद्यावर आधी विरलेला.
आम्हा पोरांना पाण्याची कळशी उचलतानासुद्धा ओरडायचा:
गुडघ्यातून वाक गो, कमरेतून नाय.
झुझे व्हायोलिनचा सूर लावायचा,
मग मामा एकेक नाव उचलून
आमच्याकडे टाकायचा.
पहाटेचा तारा.
वराप्नोबी, आम्ही म्हणायचो.
हस्तिदंती बुरूज.
वराप्नोबी.
सोन्याचं घर. कराराची पेटी. स्वर्गाचं दार.
वराप्नोबी, वराप्नोबी, वराप्नोबी.
नावं मराठीत आणि उत्तर मात्र लॅटिन,
असं का, ते विचारायची पद्धत नव्हती.

मी डोळे मिटून बघायचे:
बुरूज, घर, पेटी, दार,
सगळं फळीवरून जहाजात चढतंय
आणि आख्खी गल्ली मिळून ओढतेय.
वराप्नोबी म्हणजे हैशा,
हे मी धरूनच चालले होते.
शेवटी उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप.
मोठ्यांना छोट्या ग्लासातून काहीतरी,
आम्हाला त्याचा वास.

बारावीच्या सुट्टीत फादर ऑस्विनने
चण्याच्या पुडीच्या कागदावर लिहून दाखवलं.
मूळ शब्द ग्रीक. अर्थ, विनवणी.
तिथून लॅटिनमध्ये, तिथून पोर्तुगीजांच्या तोंडी लादाइन्य,
आणि आमच्या तोंडी,
धक्क्याच्या पायरीसारखा झिजत झिजत,
लादीन.
आणि वराप्नोबी नव्हे: ओरा प्रो नोबिस.
आमच्यासाठी विनंती कर.

मला लाजच वाटली.
शुद्ध उच्चार घोकला
आणि धावत जाऊन कायतानमामाला सांगितला,
व्युत्पत्तीसकट.

तो मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसला होता.
विनवणी? म्हणाला. आसंल बाय.
फादर शिकलेला हाय.
मग बराच वेळ नुसतं पाणी हलवत राहिला.

पहिली रातपाळी. मी सोळाचा.
मुकादम बोलला, दोन मणाचं पेलशील?
मी बोललो, लाद.
रातभर पोती. पाठ सोलली.
दुसरा काय येत नव्हता, म्हणून तिची नावं घेतली.
एक पोतं, एक नाव.
मुकादम माझ्यावर लादायचा,
मी तिच्यावर.
ती कधी नाय बोलली नाय.

टॉवेलने एकेक बोट पुसलं.
तिनं पुढं कुणावर लादलं,
ते मना नाय ठावं.

आता गोदीत क्रेन आहेत.
मामाचं व्हायोलिनवालं माणूसही गेलं,
सूर फोनवरून लावतो आम्ही.
यंदा पुढे उभी राहायला कुणी नव्हतं,
म्हणून मी.
वही धरली. तारा झाला, बुरूज झाला.
मागून आलं, वराप्नोबी.
लहान पोरांचं, झिजलेलं, चुकीचं.
मी दुरुस्त केलं नाही.

पुढचं नाव होतं, आजाऱ्यांचं आरोग्य.
घरी आई तिसऱ्या महिन्यापासून अंथरुणात.
ते उचलायला मी जरा वाकले,
गुडघ्यातून,
कमरेतून नाही.